गाडी ‘तयार’ कधीच होत नाही: घरी बनवलेल्या कॅम्पर व्हॅनकडून दुकानासाठी घेतलेले धडे



चॅनेलवरचे व्हिडिओ बघणारे बरेच जण भेटले की पहिला प्रश्न विचारतात, “सर, ती व्हॅन तयार झाली का?” मी दर वेळी एकच उत्तर देतो, “चालू आहे, तयार नाही.” लोक हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतोय. पण खरंच सांगतो, ज्या दिवशी मी “झाली एकदाची तयार” असं म्हणून निवांत झालो, त्यानंतरच त्या गाडीत सगळ्यात मोठी चूक घडली. आज तीच गोष्ट सांगायची आहे. तुमच्याकडे व्हॅन असो वा नसो, किराणा, बेकरी, काजूचं युनिट, गिरणी, काहीही असो, शेवटपर्यंत वाचा. वहीतल्या चार रकान्यांचं काम आहे, उद्या सकाळी सुरू करता येईल.

व्हॅन कशाला घेतली?

माझं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान शाहूपुरीच्या सखल भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा दुकानात पाणी शिरलं. २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच. शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद झाला होता, ते दिवस आठवतात ना? त्या वेळी आमच्याकडे जुने कामगार आहेत, त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते आदल्या दिवशी दुपारीच म्हणाले होते, “माल वर घेऊया. पाण्याचं लक्षण बरं नाही.” मी म्हणालो, “तात्या, २०१९ एकदाच येतं.” रात्रीत पाणी वाढलं. खालच्या दोन रॅकमधले स्विच, मोटारी, वायरची बंडलं, सगळं चिखलात गेलं.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

त्या नुकसानीनंतर ट्रेनिंगचं काम मी जास्त मनावर घेतलं, कारण एकाच ठिकाणच्या काऊंटरवर सगळं घर अवलंबून ठेवायचं नव्हतं. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, राधानगरी अशा तालुक्यांतून दुकानदारांसाठी, बचत गटांसाठी वर्ग घ्यायला लागलो. चंदगडकडचा वर्ग संध्याकाळी संपतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर मागं यायचं असतं. रात्री एक वाजता घरी, सकाळी नऊला शटर वर. दोनदा स्टिअरिंगवर डुलकी लागली. तेव्हा ठरवलं, झोपायची सोय गाडीतच करायची.

२०२२ च्या सुरुवातीला एक जुनी, उंच टपाची डिझेल व्हॅन घेतली. जुनी असल्यामुळं पैसे थोडे उरले. बाकीचं काम घरी आणि उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडं.

जगात हा प्रकार नवा नाही बरं का. जर्मनीतली वेस्टफालिया ही कंपनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय बसवून द्यायला लागली. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण माझ्या डोक्यात धोरण-बिरण काही नव्हतं. मला फक्त आजऱ्यात पाय पसरून झोपायचं होतं.

पहिली गाडी: सगळं एकदम

आता माझी पहिली चूक ऐका. मी बीबीए करताना कायझेन शिकलो होतो. जपानी शब्द आहे. काय म्हणजे बदल, झेन म्हणजे चांगला. मासाकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकानं हा शब्द जगभर पोचवला. रोज थोडी, सगळ्यांनी मिळून, न थांबता सुधारणा करायची, असा त्याचा अर्थ. परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं. आणि स्वतःची गाडी बनवताना काय केलं? एकही रात्र गाडीत न झोपता, इंटरनेटवरचे फोटो बघून, आठ महिन्यांत सगळं एकदम बसवून टाकलं.

१९ एमएमच्या प्लायचा पलंग. भिंतीला कपाटं. शंभर लिटरची पाण्याची टाकी. छोटा जनरेटर. आत शेगडी आणि छोटा सिलेंडर. टपाला आतून लाकडी पट्ट्या आणि त्यात एलईडी, कारण व्हिडिओत भारी दिसतं. एकट्या लाइट आणि वॉलपेपरवर १४,००० रुपये घातले. हवा खेळती राहावी म्हणून किती घातले माहितीये? शून्य.

दिवाळीत फोटो टाकला. “नाद खुळा!” असं सगळे म्हणाले. मी पण मनात म्हणालो, झाली तयार.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “अहो, आत कोंदट वाटतंय.” मी म्हणालो, “नवीन प्लायचा वास आहे, जाईल.” पुढच्या ट्रिपला परत म्हणाली, “दार लावलं की गुदमरतंय.” मी म्हणालो, “सवय होईल.”

आंबोलीची रात्र

२०२३ चा जुलै. शनिवारी आजऱ्यात वर्ग होता. मुलीला सुट्टी, म्हणून दोघींना बरोबर घेतलं. वर्ग संपवून आंबोलीला गेलो. एका हॉटेलच्या आवारात विचारून गाडी लावली. आंबोलीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आडवा येतो. खिडकीच्या फटीतून पाणी यायला लागलं म्हणून मी फटीत टॉवेल कोंबले. मुलीचे कपडे ओले होते, गारठा होता. शेगडी बारीक ठेवली, चहा झाला, नंतर कपडे वाळावेत म्हणून तशीच चालू ठेवली. किती वेळ, आठवत नाही. डोळा लागला.

जाग आली ती मुलीच्या आवाजानं. “पप्पा, डोकं दुखतंय.” आणि तिला उलटी झाली. बायको उठून बसायला गेली तर तिला गरगरलं. मला काही सुचेना, पण हात दाराकडं गेला. दार उघडलं, शेगडी बंद केली, आणि तिघंही त्या पावसात बाहेर उभे राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी मुलगी म्हणाली, “आता बरं वाटतंय, पण मला आत जायचं नाही.”

सकाळी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं आणि मला चांगलं सुनावलं. बंद जागेत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, जळण अर्धवट व्हायला लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या सिलेंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, पण जळून तयार झालेल्या या वायूला तोही नसतो. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं, ही सुरुवातीची लक्षणं. झोपेत असाल तर ती कळतही नाहीत. मुलगी जागी झाली म्हणून आम्ही वाचलो.

घरी परत येताना गाडीत कोणीच बोलत नव्हतं. शेवटी बायको एवढंच म्हणाली, “मी तीनदा सांगितलं होतं.” आणि मला एकदम तात्या आठवले. “माल वर घेऊया.” दोन्ही वेळेला सांगणारा माणूस बरोबर होता. दोन्ही वेळेला मी ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. ऐकलेलं विसरता येतं, टाळता येतं, हसून उडवता येतं. लिहिलेलं डोळ्यासमोर राहतं.

चार रकान्यांची वही

दुसऱ्या दिवशी दुकानातली एक लाल वही घेतली. चार रकाने आखले.

१. तारीख आणि तक्रार, बोलणाऱ्याच्याच शब्दांत. “कोंदट वाटतंय” म्हणाली तर “कोंदट वाटतंय” असंच लिहायचं. “व्हेंटिलेशन प्रॉब्लेम” असं साहेबी भाषेत नाही.

२. कोण म्हणालं. बायको, मुलगी, मिस्त्री, मी.

३. वर्ग. ‘जीव’, ‘कायदा’, ‘पैसा’ की ‘सोय’. हाच क्रम. ‘जीव’च्या रांगेत एकही ओळ बाकी असेल तर ‘सोय’वर एक रुपया खर्च करायचा नाही.

४. काय केलं, किती खर्च आला, आणि पुढच्या तीन मुक्कामांत फरक पडला का.

आणि एक नियम. एका वेळी एकच बदल. त्यानंतर तीन रात्री वापर. मग पुढचा. का? पंखा, जाळी आणि गादी तिन्ही एकदम बदललं आणि झोप चांगली लागली, तर कशामुळं लागली हे कसं कळणार? दुकानात पण असंच होतं बघा. ऑफर, नवीन बोर्ड आणि नवीन माल एकाच आठवड्यात आणायचा, विक्री वाढली की सगळ्याचं श्रेय सगळ्याला, आणि घसरली की कोणाचा दोष ते कळत नाही.

आता या वहीनं गाडीत काय काय बदललं ते सांगतो.

पहिली सुधारणा: काढून टाकणं

शेगडी आणि सिलेंडर गाडीतून कायमचे बाहेर. आता स्वयंपाक बाहेर, घडीच्या टेबलावर, वर ताडपत्री. पाऊस फार असेल तर जवळच्या हॉटेलात जेवतो, चहा थर्मासमध्ये भरून घेतो. खर्च शून्य, उलट जागा मोकळी झाली. ज्यांच्या गाडीत शेगडी आहेच त्यांनी एवढं ध्यानात ठेवा: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली जमिनीलगत साचतो. म्हणून गळतीचा सेन्सर खाली लावायचा असतो आणि हवा जायची वाटही तळाला लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा येतो, तो झोपतो त्या उंचीजवळ. आमच्या गाडीत शेगडी नसली तरी हा अलार्म लावलाय. शेजारच्या गाडीचं इंजिन चालू असलं तरी धूर आत येऊ शकतो.

मग हवा. टप कापून पंखा बसवायचा मोह झाला होता. मिस्त्री म्हणाले, “साहेब, त्यात काय, एक भोक पाडूया.” पण टपाला भोक म्हणजे पावसाला आमंत्रण, शिवाय कागदपत्रांचा प्रश्न. त्याऐवजी समोरासमोरच्या दोन खिडक्यांवर रेन व्हायझर लावले, म्हणजे पावसातही चार बोटं काच उघडी ठेवता येते. आतून मच्छरदाणीची जाळी वेल्क्रोनं चिकटवली आणि एका बाजूला बारा व्होल्टचा छोटा पंखा, हवा बाहेर फेकणारा. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. वहीत बायकोच्या अक्षरात नोंद आहे: “आता श्वास घेतल्यासारखं वाटतं.”

याच बदलानं गादीखालची बुरशीही कमी झाली. झोपेत आपल्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. ती गार पत्र्याला आणि गादीच्या तळाला लागून पाणी होते. मी आधी बुरशीवर औषध मारत होतो. कारण हवेत होतं. मग गादीखालच्या प्लायला भोकं पाडली आणि काम संपलं.

दुसरी: स्वतःच्याच धंद्यातली लाज

मी इलेक्ट्रिकलचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाला रोज सांगतो, वायर जाड घ्या, फ्यूज घ्या. माझ्या गाडीत बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरला फ्यूजच नव्हता! वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली असती तर बॅटरीनं सगळा करंट त्यात ओतला असता, आणि आजूबाजूला काय, तर प्लाय आणि फोम. आता बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत डीसी फ्यूज आहे, पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट आहे, आणि दाराजवळ हाताला येईल असा अग्निशामक सिलेंडर आहे. घरातला एसीचा एमसीबी इथं चालेलच असं धरू नका, डीसीसाठी बनवलेलाच मागा.

पुढं मी दुसरी बॅटरी घेणार होतो, अठरा हजारांची. वहीनं थांबवलं. म्हटलं, आधी मोजू. पंखा १५ वॅट, आठ तास, १२० वॅट-तास. दोन दिवे पाच-पाच वॅटचे, चार तास, ४०. लॅपटॉप साधारण ६० वॅट, तीन तास, १८०. तीन मोबाईल, ४५. बेरीज ३८५. माझी बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची, म्हणजे १,८०० वॅट-तास. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याच्या वर काढू नये, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. तरी ९०० उरतात. दोन रात्री आरामात. मग संपत का होती? कारण मी इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवत होतो. मोबाईल चार्ज करायला बारा व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरनं परत पाच करायचे! दोनशे-तीनशे रुपयांचे डीसी चार्जिंग पॉइंट बसवले, रात्री इन्व्हर्टर बंद. अठरा हजार वाचले.

काही जण विचारतात, आत इंडक्शन चालेल का? हिशेब करा. १,८०० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे १५० अँपिअर. एवढा करंट घेणारी वायर अंगठ्याएवढी लागते आणि माझी बॅटरी बघता बघता बसेल. आकडा काढला की मोह आपोआप जातो.

तिसरी: उसाच्या काट्यावर व्हॅन

घाट चढताना गाडी दमत होती, उतारावर ब्रेक तापल्याचा वास यायचा. मी वहीत लिहिलं, “ब्रेक बघून घेणे.” मिस्त्रींनी ब्रेक बघितले आणि एक साधा प्रश्न विचारला, “वजन केलंय का कधी?”

केलं नव्हतं. आपल्या जिल्ह्यात वजनकाट्याला काय तोटा! ऊस, वाळू, भंगार, सगळं काट्यावर जातं. पाणी, डिझेल, सामान आणि आम्ही तिघं, असं पूर्ण भरून गाडी काट्यावर नेली. आरसी बुकावर एकूण वजनाची मर्यादा ३,४९० किलो. काटा म्हणाला ३,६२०. म्हणजे १३० किलो जास्त घेऊन मी लेकराला घाटातून फिरवत होतो.

परत वही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती काढली, वीस लिटरचे दोन जार ठेवले, ६० किलो कमी. आठ बाय चारचा १९ एमएमचा प्लाय पस्तीस-चाळीस किलो भरतो. तीन प्लाय काढून १२ एमएमचे, खाली चौकोनी पाइपचा हलका सांगाडा, निव्वळ ४० किलो कमी. जनरेटर ३५. वरचं एक कपाट ३०. आणि “लागतील कुठंतरी” म्हणून महिनोन्‌महिने फिरवत असलेले सँपलचे खोके, ६५ किलो! एकूण २३० किलो उतरले. परत काटा केला, ३,३९०. मग पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा करून बघितला, कारण एकूण वजन बरोबर असलं तरी सगळं मागच्या चाकांवर पडत असेल तर गाडी पुढून हलकी होते.

या सगळ्यात नवीन काय विकत घेतलं? तीन प्लाय आणि पाइप. बाकी सगळं काढून टाकलं. सुधारणा म्हटलं की आपल्याला काहीतरी वाढवायचंच सुचतं. आता तुमच्या दुकानाकडं बघा. “लागेल कुठंतरी” म्हणून ठेवलेला माल किती आहे? त्याचंही वजन असतं, फक्त ते काट्यावर दिसत नाही, ओव्हरड्राफ्टच्या व्याजात दिसतं.

चौथी: कागद

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सोडू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गाड्यांच्या रचनेतल्या बदलांबद्दल हेच ठामपणे सांगितलं. मुळापासून बनवलेल्या मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे.

मी यातलं काही न बघता सीट काढल्या होत्या, पलंग वेल्ड केला होता. विम्याचं नूतनीकरण करताना एका माणसानं सहज विचारलं, “अपघात झाला आणि सर्व्हेअरनं आत बघितलं, तर?” त्या ‘तर’चं उत्तर माझ्याकडं नव्हतं. क्लेम नाकारला गेला असता तर दोष माझाच होता.

मग वेल्ड केलेलं सगळं कापलं. मूळ सीट परत बसवल्या. आताचा पलंग घडीचा आहे, सीटवरून पसरतो, पट्ट्यानं बांधतो आणि सकाळी काढून ठेवतो. थोडी सोय गेली, मान्य. पण आरसी आणि गाडी आता एकच गोष्ट सांगतात. तुम्ही असं काही करणार असाल तर करवत हातात घेण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडं लेखी विचारा. मी उलट्या क्रमानं गेलो, म्हणून तेच काम दोनदा केलं आणि दोनदा पैसे दिले.

कोल्हापूरला हे नवीन नाही

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण रोज त्याच्या शेजारून जातो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव या दोघांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायचं मनावर घेतलं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, त्यानंतरची ही गोष्ट. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट होतं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन ते पुढं नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा उभा राहिला. त्यावर ‘सैरंध्री’ निघाला तो १९२० साली. आपण स्तंभाकडं बघून म्हणतो, “कोल्हापुरात कॅमेरा बनला.” मधली वर्षं कोणी बघत नाही. करा, बघा, चुकलं तर उघडा, परत करा. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर आजही हेच चालतं. आपल्या हाताला हे येतं, फक्त ते लिहून ठेवायची सवय आपल्याला नाही.

लाईन कोण थांबवू शकतो?

टोयोटाच्या कारखान्यात एक पद्धत आहे. काही चुकतंय असं दिसलं की साधा कामगारसुद्धा दोरी ओढून लाईन थांबवू शकतो. बीबीएच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला ती मशिनची गोष्ट वाटली होती. आता कळतं, ती माणसाची गोष्ट आहे. ज्याला त्रास होतोय त्याला थांबवायचा अधिकार दिलाय.

आमच्या गाडीत आता नियम आहे. तिघांपैकी कोणीही “थांबा” म्हणालं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. वही दाराच्या कप्प्यात असते आणि पेन तिला दोऱ्यानं बांधलेलं आहे. गेल्या पानावर मुलीची नोंद आहे, “माझ्या बाजूचा दिवा डोळ्यात येतो.” वर्ग: सोय. दिवा सहा इंच खाली घेतला, खर्च शून्य. आंबोलीनंतर ती जवळजवळ वर्षभर गाडीत झोपायला तयार नव्हती. अलार्मचं बटण दाबून दाखवलं, खिडकी कशी उघडी राहते ते तिलाच करायला लावलं, आणि “थांबा” म्हणायचा अधिकार दिला. गेल्या पावसाळ्यात ती स्वतःहून म्हणाली, “पप्पा, मी पण येते.” माझ्या हिशेबात या गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा ती आहे.

दुकानातही तशीच वही काऊंटरखाली आहे. तात्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते सांगतात आणि पोरगं लिहितं. पहिली नोंद तात्यांचीच होती: “खालचे दोन रॅक पावसाळ्यात रिकामे पाहिजेत.” वर्ग: पैसा. आता दर जूनमध्ये खालच्या दोन रॅकवर फक्त पीव्हीसी पाइप आणि फिटिंग असतात. पाणी आलं तर धुऊन विकता येतील.

या आठवड्याचं काम

१. एक वही घ्या, चार रकाने आखा. मोबाईलमध्ये नको, सगळ्यांच्या हाताला येईल अशी ठेवा.

२. सात दिवस काहीही बदलू नका. फक्त तक्रारी लिहा, गिऱ्हाइकाच्या, कामगाराच्या, घरच्यांच्या. त्यांच्याच शब्दांत.

३. आठव्या दिवशी प्रत्येक ओळीपुढं लिहा: जीव, कायदा, पैसा, सोय. ‘जीव’ मध्ये काही निघालं, उघडी वायर, अडवलेला जिना, बंद खोलीतली भट्टी, तर त्याच दिवशी ते काम हाती घ्या.

४. बाकीच्यांतून एकच निवडा. आधी विचारा, काही काढून टाकून हे सुटतं का? नसेल तरच खरेदी.

५. पंधरा दिवसांनी ज्यानं तक्रार केली होती त्यालाच विचारा, “फरक पडला का?” तुमचं स्वतःचं मत त्या रकान्यात लिहायचं नाही.

पुढच्या महिन्यात चंदगडला काजू युनिट चालवणाऱ्या ताईंचा वर्ग आहे. गाडी घेऊनच जाणार. वहीत सध्या अकरा ओळी बाकी आहेत, सगळ्या ‘सोय’च्या. परत येईपर्यंत बाराव्वी, तेरावी निघेलच. निघू दे. जोपर्यंत वहीत नवीन ओळ पडते, तोपर्यंत कोणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय.

चला, वही आणा. कामाला लागूया.